कोणी आणलं घरात?

मी कविता लिहिणारा माणूस. मराठी विषय घेऊन बी.ए. झालो, त्यालाही आता तीस वर्षं उलटली. सर्दी-तापाचा संसर्ग घरातल्या घरात कसा पसरतो, या विषयावर मी बोलणार म्हटल्यावर माझ्या बायकोने विचारलं, "आकाशवाणीला डॉक्टर मिळाले नाहीत का?" प्रश्न रास्त आहे. औषधपाण्याचं डॉक्टर सांगतात आणि त्यांचंच ऐकावं. पण एका छपराखाली नऊ माणसं राहतात, त्यातल्या एकाला ताप येतो आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत त्या घरात काय काय होतं, ते मी पाहिलं आहे. तेव्हापासून या विषयावर मराठीत, इंग्रजीत जे हाती लागेल ते वाचत आलो. समजलं नाही तिथे डॉक्टर स्नेह्यांना विचारलं. का वाचत आलो, ते आधी सांगतो.

आमचं घर मिरजेत, एका जुन्या गल्लीत आहे. खाली तीन खोल्या, वर गच्ची. अम्मा, मी, बायको, माझा मुलगा, धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची तीन मुलं. २०२१ चा एप्रिल. रमजान सुरू होता आणि कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. मशिदीत जाणं बंद होतं, म्हणून नमाज घरीच आणि इफ्तारही घरीच. मधल्या खोलीत दस्तरखान अंथरायचा, मोठा थाळा मध्ये ठेवायचा आणि नऊ जणांनी गोल करून बसायचं. त्या खोलीला गल्लीकडे एक खिडकी आहे. पण गाड्यांचे भोंगे आणि धूळ यांना कंटाळून ती आम्ही कित्येक वर्षं बंदच ठेवली होती. लाकूड फुगून चौकट घट्ट बसली होती.

धाकटा टेम्पो चालवतो. भाजीपाल्याची वाहतूक चालू होती, त्यामुळे घरातून रोज बाहेर जाणारा तो एकटाच. रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी त्याला ताप आला. बुधवारी तपासणी झाली, गुरुवारी अहवाल आला. मग सगळ्यांची तपासणी. नऊपैकी सहा जण बाधित निघाले. अम्मा त्यात होती. तिचं वय शहात्तर. घरात ऑक्सिमीटर नव्हता. शेजाऱ्यांचा आणून तिच्या बोटाला लावला तेव्हा आकडा शहाऐंशी होता. ईदच्या चार दिवस आधी अम्मा गेली.

तिला दवाखान्यात नेलं त्या रात्री मी ओट्यावर उभा राहून मोठ्याने विचारलं, "कोन लाया ये घर में?" आमच्या घरात दखनी बोलतात, तेव्हा प्रश्न तसाच्या तसा सांगतो. विचारताना मी कोणाकडे बघत होतो, ते सगळ्यांना दिसलं. धाकट्याने मान खाली घातली. त्यानंतर किती तरी दिवस तो आमच्याबरोबर जेवायला बसला नाही. "माल उतरवायचाय, तुम्ही जेवून घ्या," म्हणायचा.

आज मला बोलायचं आहे ते याच प्रश्नाबद्दल. 'कोणी आणलं?' हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. साध्या सर्दीतही विचारतात. पण विषाणू ज्या पद्धतीने माणसांतून फिरतो ती समजून घेतली, तर या प्रश्नाचं उत्तर घरात बसून बहुतेक वेळा मिळतच नाही, हे ध्यानात येतं.

थेंब, तुषार आणि हवा

फ्लूचा किंवा कोरोनाचा विषाणू किती लहान? एका मिलिमीटरच्या अंतरात एका रांगेत साधारण दहा हजार मावतील इतका. तो एकटा उडत नाही. आपल्या घशातल्या, फुप्फुसातल्या ओलाव्याचे बारीक बारीक कण श्वासाबरोबर बाहेर पडतात, त्यांत बसून तो निघतो. शिंकताना, खोकताना हे कण निघतात हे आपल्याला ठाऊक असतं. पण ते बोलताना निघतात, हसताना निघतात आणि नुसता श्वास सोडतानाही निघतात. आवाज जितका मोठा तितके कण जास्त.

या कणांत लहान-मोठे असे फरक असतात आणि सगळी गोम त्यातच आहे. केसाच्या जाडीपेक्षा थोडा मोठा, म्हणजे १०० मायक्रॉनचा कण डोक्याच्या उंचीवरून सुटला तर पाच-सहा सेकंदांत जमिनीवर पडतो. पाच मायक्रॉनचा कण स्थिर हवेत अर्धा तास तरंगतो. एक मायक्रॉनचा कण काही तास. मोठा थेंब समोरच्याच्या तोंडावर उडाला तर उडाला, नाही तर खाली बसला. बारीक कण मात्र खोलीभर पसरतो. उदबत्ती एका कोपऱ्यात लावली तरी वास पलीकडच्या कोपऱ्यात येतो, तसंच हे.

शास्त्रज्ञांनाही हे एका दिवसात पटलेलं नाही. अमेरिकेतले आरोग्याधिकारी चार्ल्स चॅपिन यांनी १९१० मध्ये एक मोठा ग्रंथ लिहिला. रोग हवेतून येत नाहीत, ते जवळच्या संपर्कातून येतात, असं त्यांचं म्हणणं होतं. 'दूषित हवे'ची जुनी भीती घालवण्यासाठी ते उपयोगीही पडलं. पुढे १९३० च्या दशकात विल्यम वेल्स यांनी दाखवलं, की लहान थेंब खाली पडण्याआधीच वाळतात आणि त्यांचे उरलेले कण हवेत तरंगत राहतात. पण चॅपिन यांचा पगडा इतका होता, की पाऊणशे-ऐंशी वर्षं 'अंतर ठेवा, हात धुवा' हाच मुख्य सल्ला राहिला. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही कोरोना हवेतून पसरत नाही, असं ठासून सांगितलं होतं. नंतर ते बदललं. एप्रिल २०२४ मध्ये याच संघटनेने जगभरातल्या तज्ज्ञांना एकत्र घेऊन नवी परिभाषा ठरवली. लहान-मोठे असे कप्पे न करता, श्वासातून बाहेर पडणारे सगळेच कण हवेतून रोग नेऊ शकतात, जवळही आणि काही परिस्थितीत लांबही, असं आता मानलं जातं.

पत्त्यांचा डाव

मी वाचलेल्या प्रयोगांपैकी एक मला फार आवडला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात एलियट डिक नावाचे संशोधक होते. साधी सर्दी हाताने पसरते की हवेने, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांनी काय करावं? चांगलीच सर्दी झालेली काही माणसं आणि निरोगी माणसं यांना एका टेबलाभोवती बारा तास पत्ते खेळायला बसवलं. निरोगी माणसांपैकी निम्म्यांच्या हाताला पट्ट्या किंवा गळ्याभोवती मोठी प्लास्टिकची कॉलर बांधली, म्हणजे त्यांना स्वतःच्या नाका-डोळ्यांना हात लावताच येऊ नये. बाकीचे मोकळे.

मोकळ्या हातांच्या मंडळींना सर्दीची लागण झाली आणि बांधलेल्या मंडळींनाही जवळपास त्याच प्रमाणात झाली. मग सर्दीवाल्यांनी हाताळून हाताळून ओलसर झालेले तेच पत्ते दुसऱ्या खोलीत नेले. तिथे बारा निरोगी माणसं त्या पत्त्यांनी बारा तास खेळली आणि मुद्दाम वरचेवर नाकाला, डोळ्यांना हात लावत राहिली. त्यांतल्या एकालाही लागण झाली नाही. १९८७ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

म्हणून हात धुणं सोडून द्यायचं का? नाही. त्याआधी व्हर्जिनियात झालेल्या प्रयोगांत, सर्दीवाल्याच्या हाताला हात लावून तोच हात नाका-डोळ्यांना लावला तर सर्दी होते, हेही दिसलं होतं. फ्लूचा विषाणू स्टीलसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर दिवसभर टिकू शकतो, कपड्यावर आठ-बारा तास, पण हातावर पाचेक मिनिटंच. साबणाने फ्लू आणि कोरोनाच्या विषाणूंचं चरबीचं आवरण फाटतं. साध्या सर्दीच्या विषाणूला असं आवरण नसतं, पण चोळून धुतल्यावर तोही पाण्याबरोबर वाहून जातो. तेव्हा हाताचा रस्ता आहेच. पण एका खोलीत, एका टेबलाशी किंवा एका दस्तरखानावर तासन् तास बसलं तर हवेचा रस्ता मोठा आहे.

हे वाचलं तेव्हा मला आमचा थाळा आठवला. एका थाळ्यात जेवल्यामुळे झालं असं नातेवाईक म्हणत होते. थाळ्याचा दोष थोडा. नऊ चेहरे अर्धा-पाऊण तास एकमेकांपासून हातभर अंतरावर वाकलेले, सगळे एकदम बोलणारे आणि खिडकी बंद. नऊ ताटं वेगळी वाढली असती तरी हवा एकच होती.

ताप येण्याआधीचे दोन दिवस

आता मुख्य गोष्ट. विषाणू शरीरात शिरल्यावर लगेच ताप येत नाही. फ्लूमध्ये एक ते चार दिवस जातात. कोरोनात दोन दिवसांपासून चौदा दिवसांपर्यंत कितीही, बहुधा एका आठवड्याच्या आत. आणि ज्या दिवशी ताप येतो त्याच्या आधीपासून माणूस दुसऱ्याला लागण देऊ लागतो. फ्लूमध्ये साधारण एक दिवस आधी, कोरोनात एक ते दोन दिवस आधी. म्हणजे आपण आजारी माणसाला वेगळं काढतो, तोवर तो सगळ्यांबरोबर जेवलेला असतो, मुलांना कडेवर घेऊन फिरलेला असतो.

दुसरं म्हणजे, प्रत्येकाला लागणारा काळ वेगवेगळा. समजा, सोमवारी माझ्या शरीरात विषाणू शिरला आणि माझ्यापासून गुरुवारी तुम्हाला लागण झाली. तुमच्यात तो झपाट्याने वाढला आणि शनिवारी तुम्हाला ताप आला. माझा ताप मात्र रविवारी आला, किंवा आलाच नाही, नुसतं डोकं जड झालं. बघणारा काय म्हणेल? शनिवारी आजारी पडला त्याने घरात आणलं!

काहींना तर काहीच होत नाही. दक्षिण आफ्रिकेत २०१७ आणि २०१८ मध्ये संशोधकांनी घराघरांत जाऊन, आजारी असो वा नसो, प्रत्येकाच्या नाकातला नमुना आठवड्यातून दोनदा घेतला. फ्लूची लागण झालेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांना कसलाच त्रास झाला नव्हता. अशा लोकांकडून दुसऱ्याला लागण होण्याचं प्रमाण कमी होतं, पण होत होती. त्याआधी, १९४८ पासून दहा वर्षं, अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात डॉ. जॉन डिंगल आणि सहकाऱ्यांनी काही कुटुंबांची बारीकसारीक आजारपणं लिहून ठेवली. सर्दी घरात येण्याचा मोठा दरवाजा म्हणजे शाळेत जाणारं मूल, असं त्यांना आढळलं. त्या मुलाला आपण दोष देऊ का? ते तर दोन दिवसांत बरं होऊन अंगणात खेळत असतं.

हे वाचल्यावर मी एका संध्याकाळी कागद घेऊन बसलो आणि रमजानच्या त्या पहिल्या दोन आठवड्यांतले दिवस मांडले. सोमवारी सगळ्यांनी एकत्र इफ्तार केला, मंगळवारी धाकट्याला ताप. ठीक. रविवारी मोठी पुतणी कणकण वाटते म्हणून लवकर झोपली होती. उपासाने थकली असेल, असं आम्ही म्हटलं होतं. आणि त्याआधीचा शुक्रवार? त्या दिवशी नमाजाआधी मी अत्तर लावलं तर वासच येईना. बाटली जुनी झाली असेल, असं म्हणून मी ती फळीवर मागे सारून ठेवली होती.

वास जाणं हे कोरोनाचं लक्षण आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं असंही नाही. वर्तमानपत्रात वाचलं होतं. पण ते आपल्याला लागू आहे, असं डोक्यात आलं नाही. अजून पाच दिवस मागे गेलो. त्या रविवारी मी एका मित्राच्या घरी गेलो होतो. बाहेर पडायला मनाई होती, मी गल्लीबोळांतून गेलो. मोबाइलवर चालणाऱ्या एका कविसंमेलनासाठी आम्ही चौघांनी कविता ध्वनिमुद्रित केल्या. आवाज स्वच्छ यावा म्हणून दारं-खिडक्या बंद केल्या होत्या. पंखासुद्धा बंद केला होता. दोन तास आम्ही मोठ्या आवाजात कविता म्हणत होतो.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० रोजी एका गायकवृंदाची तालीम झाली होती. एकसष्ट जण आले होते. त्यांतल्या त्रेपन्न जणांना कोरोना झाला किंवा झाला असावा असं निदान झालं, दोघे दगावले. ती हकीकत वाचताना मला तो बंद पंखा दिसत होता.

तर मग अम्मापर्यंत ते कोणी नेलं? धाकट्याने? पुतणीने? मी? खरं सांगायचं तर हे कोणालाही सांगता येणार नाही. पण त्या रात्री ओट्यावर उभं राहून धाकट्याकडे बघण्याचा मला अधिकार नव्हता, एवढं मात्र त्या कागदावर स्पष्ट दिसत होतं.

सगळ्यांना होणारच?

'एकाला झालं म्हणजे घरात सगळ्यांना होणारच' असंही आपण धरून चालतो. हेही पूर्ण खरं नाही. गोवराच्या बाबतीत खरं आहे. लस न घेतलेल्या, पूर्वी गोवर न झालेल्या दहा माणसांपैकी नऊ जणांना तो घरात होतो. रुग्ण खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत गोवराचा विषाणू हवेत राहू शकतो. पण फ्लू आणि कोरोनाचं गणित वेगळं आहे. कोरोनावरच्या ५४ अभ्यासांची एकत्रित गोळाबेरीज डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. घरात एक रुग्ण असताना बाकीच्या शंभर माणसांपैकी सरासरी सतरा जणांना लागण झाली होती. नवरा किंवा बायको असेल तर शंभरात अडतीस, घरातल्या इतरांना अठरा. पुढे ओमायक्रॉन आला तेव्हा हे प्रमाण शंभरात त्रेचाळीसपर्यंत गेलं. म्हणजे तेव्हाही निम्म्याहून अधिक माणसं वाचत होती.

हे वाचणं निव्वळ नशिबावर नसतं. रुग्णाच्या किती जवळ, किती वेळ आणि कसल्या हवेत आपण राहिलो, यावर बरंच ठरतं. मुंबईत जुलै २०२० मध्ये तीन प्रभागांत रक्ताची तपासणी झाली. झोपडपट्टीत राहणाऱ्या शंभरांपैकी सत्तावन्न लोकांना लागण होऊन गेलेली होती, इमारतींत राहणाऱ्यांत सोळा. विषाणू तोच, शहर तेच. दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसं आणि अनेक घरांना मिळून एक शौचालय, हा फरक. तिथे 'घरातच वेगळं राहा' हा सल्ला देऊन उपयोग नव्हता, म्हणून धारावीत शाळा आणि मंगल कार्यालयं माणसांना वेगळं ठेवण्यासाठी घ्यावी लागली.

आमच्या घरात जे तिघे वाचले, ते म्हणजे भावजय आणि तिची दोन लहान मुलं. उकाड्यामुळे हे तिघे गच्चीवर झोपत. धाकटा पहाटे तीनला टेम्पो काढायचा म्हणून खाली दाराशी झोपायचा. गच्चीमुळेच ते वाचले, असा दावा मी करणार नाही. पण मोकळ्या हवेत लागण फार कमी होते, हे आता सर्वमान्य आहे.

मग करायचं काय?

पहिलं, खिडकी. समोरासमोरच्या दोन खिडक्या, किंवा एक खिडकी आणि एक दार उघडं ठेवा. बाहेर हवा फेकणारा पंखा असेल तर तो रुग्णाच्या खोलीत लावा. खोलीतली हवा बदलते की नाही, हे बघायची साधी युक्ती आहे. एक उदबत्ती लावा. धूर कुठे जातो ते बघा. बाहेर जात असेल तर चांगलं. खोलीतच घुटमळत असेल, तर श्वासातले कणही तिथेच घुटमळत आहेत असं समजा. मात्र ही युक्ती रुग्ण खोलीत यायच्या आधी करा, आणि धुराने विषाणू मरतो असं समजू नका. आमच्याकडे आजारपणात लोबान जाळतात, कोणाकडे धूप-कापूर. धूर बाहेर जाऊ नये म्हणून वर खिडक्याही लावून घेतात! त्याने खोकणाऱ्याची छाती जास्त भरते आणि हवाही कोंडते.

दुसरं, वेळ. हाँगकाँगमध्ये फ्लूच्या रुग्णांच्या घरांत एक अभ्यास झाला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिला माणूस आजारी पडल्यापासून छत्तीस तासांच्या आत घरातल्यांनी मास्क आणि हात धुणं सुरू केलं, तर लागण कमी झाली. उशिरा सुरू करणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही. तेव्हा 'दोन दिवस बघू, नाही तर मग' हे सोडा. घसा खवखवला त्याच संध्याकाळी सुरुवात करा. नुसती सर्दी निघाली तर काय बिघडलं?

तिसरं, मास्क. रुग्णाने लावावा आणि त्याच्या खोलीत जाणाऱ्यानेही. एन-९५ मिळाला तर उत्तम. ओढणीचा किंवा उपरण्याचा एक पदर पुरत नाही.

चौथं, सेवा एकानेच करावी. घरात आजारी माणूस असला की प्रत्येक जण येऊन कपाळाला हात लावून जातो. प्रेम असतं ते. पण शक्यतो तरुण, निरोगी आणि लसीकरण झालेल्या एकानेच आत-बाहेर करावं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने, गरोदर बाईने आणि तान्ह्या मुलाने त्या खोलीपासून दूर राहावं. तान्ह्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना साध्या सर्दीच्या विषाणूंपैकी काही फार जड जातात.

पाचवं, एकच खोली असेल तर? आपल्याकडे बहुतेकांचा प्रश्न हाच आहे. रुग्णाचं अंथरूण खिडकीशी किंवा दाराशी टाका. इतरांनी त्याच्या पायाकडे डोकं करून झोपावं. रुग्णाचं जेवण वेगळ्या वेळी व्हावं, कारण जेवताना मास्क काढावाच लागतो. गप्पा ओट्यावर, अंगणात किंवा गच्चीवर व्हाव्यात. रुग्णाची भांडी नेहमीच्या साबणाने घासली, कपडे नेहमीसारखे धुतले की पुरे. भांडी फोडायची, गाद्या जाळायची गरज नाही.

हे किती दिवस करायचं? फ्लूमध्ये ताप आल्यापासून पाच ते सात दिवस. शिवाय औषध न घेता चोवीस तास ताप नसावा.

आणि धोक्याची लक्षणं घरातल्या प्रत्येकाला पाठ असावीत. धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, माणूस असंबद्ध बोलू लागणं, उतरलेला ताप पुन्हा चढणं, ऑक्सिजनचा आकडा चौऱ्याण्णवच्या खाली जाणं. यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता दवाखाना. विषाणूच्या तापावर अँटिबायोटिक चालत नाही, तेव्हा औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने गोळ्या आणू नका. वयस्कर माणसांना फ्लूची लस दरवर्षी घेता येते, त्याबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न बदलून बघा

या भाषणाची तयारी करताना मी ठरवलं, की ज्याला सांगायचं त्याला आधी सांगावं आणि मग आकाशवाणीवर बोलावं. एका रात्री धाकटा टेम्पो लावून आला. मी त्याला तो कागद दाखवला. शुक्रवारच्या अत्तराचं सांगितलं, बंद पंख्याचं सांगितलं. म्हटलं, "कदाचित मीच असेन. तुला तसं विचारायला नको होतं." तो बराच वेळ कागदाकडे बघत होता. मग म्हणाला, "भाई, मी रोज टेम्पोत बसताना तेच मोजत होतो. कुठल्या दिवशी, कुठल्या बाजारात." इतकी वर्षं तो मोजत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

घरातल्यांपैकी एखाद्याला या आजारात गमावलेल्या प्रत्येक घरात असा मोजणारा एक जण असतो. शाळेतून आलेलं पोर असेल, कामावरून आलेला मुलगा असेल, लग्नाला जाऊन आलेली सून असेल. तुमच्या घरात असा कोणी असेल तर त्याला आज एवढं सांगा, की विषाणू ताप यायच्या आधीच घरात फिरलेला असतो. तो कोणाच्या श्वासातून कोणाकडे गेला, हे कोणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

मागच्या पावसाळ्यात मधल्या पुतण्याला फ्लू झाला. घसा दुखतो म्हणाला त्याच संध्याकाळी धाकट्याने त्याची खाट मधल्या खोलीत आणली. आमची ती खिडकी सुताराला बोलावून आता मोकळी करून घेतली आहे. खाट खिडकीशी लावली, दाराला पडदा लावला आणि भावजयीने मास्क काढले. कोणी आणलं, हे कोणी विचारलं नाही. बायकोने फक्त विचारलं, "ताप केव्हापासून आहे?" आणि कॅलेंडरवर त्या तारखेला पेनाने खूण केली. आम्ही सगळे आठ दिवस ओट्यावर जेवलो, पावसाचे तुषार अंगावर घेत. पुतण्या बरा झाला. या वेळी दुसऱ्या कोणाला ताप आला नाही.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)